नेटकेपणाचे ओझे

निवासी शाळेची स्मरणिका म्हटली की तीत शिस्तीचे गुणगान ठरलेलेच असते. पहाटेची घंटा, वंदनेची रांग, चौकोनी घडी घातलेली पांघरुणे, भिंतीलगत ओळीने मांडलेल्या पत्र्याच्या पेट्या यांच्या आठवणींनी माजी विद्यार्थ्यांचे कंठ दाटून येतात, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या आजोबांना पाटी शिवण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांना या घंटेनेच घडविले. आम्ही या शिस्तीचे पुरस्कर्ते आहोत आणि राहू. तरीही या अंकात आम्हांला निराळ्या मुलांविषयी लिहावयाचे आहे. अशी मुले बहुतेक तुकड्यांत एखाद-दुसरी असतात. ती भांडत नाहीत, वसतिगृहातून पळून जात नाहीत, त्यांच्या पालकांना शाळेत बोलवावे लागत नाही. त्यांच्या वह्या प्रदर्शनात मांडल्या जातात. म्हणूनच त्यांना काही त्रास होत असेल अशी शंका कुणाला येत नाही.

आमच्या पाहण्यातील एक मुलगी इतिहासाची चांगली जाण असलेली होती. वर्गात प्रश्न विचारला की तिचे उत्तर सर्वांत नेमके असे. पण इतिहास-राज्यशास्त्राची चाळीस गुणांची, दोन तासांची उत्तरपत्रिका पाहिली तर पहिली तीन पाने मोत्यासारखी आणि पुढची कोरी. समासाची रेघ दोनदा आखलेली, एक शब्द चुकला म्हणून पूर्ण उत्तर खोडून पुन्हा लिहिलेले. विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, अर्धवट लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं." दुसरा एक मुलगा खोलीप्रमुख होता. खोली झाडण्याची पाळी कुणाचीही असो, त्याने झाडल्यावर हा पुन्हा झाडत असे. दुसऱ्याचे काम त्याला पटतच नसे. भिंतीवर त्याने स्वतः नियमांची यादी लावली होती आणि ती दर आठवड्याला लांबत असे. जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हते. शिक्षकांना मात्र तो फार आवडे.

मानसशास्त्रात या स्वभावाच्या टोकाला एक नाव आहे : ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर, थोडक्यात ओसीपीडी. मराठीत त्याला अनिवार्यताग्रस्त व्यक्तिमत्त्वविकार म्हणता येईल. नाव जड आहे आणि त्याचा भाऊबंद वाटणारा एक निराळाच आजार असल्यामुळे गोंधळ होतो. तो दुसरा आजार ओसीडी. आपल्याकडे त्याला जुन्या काळापासून मंत्रचळ म्हणतात. मंत्रचळ झालेला माणूस वीस वेळा हात धुतो, कडी लावली की नाही हे दहादा पाहतो, आणि बहुधा मनातून त्यालाच ते नकोसे असते. हा विचार आपल्याला छळतो आहे, आपण करतो आहोत ते अवाजवी आहे, हे पुष्कळदा त्याला कळत असते. ओसीपीडीत तसे नसते. त्या माणसाला आपली पद्धतच योग्य वाटते आणि जगच ढिसाळ वाटते. त्यामुळे तो स्वतः होऊन मदत मागायला क्वचितच येतो. दुःख होते ते पुष्कळदा त्याच्या भोवतालच्यांना, आणि त्याला स्वतःला होते ते थकव्याच्या, डोकेदुखीच्या, निद्रानाशाच्या, नाहीतर नैराश्याच्या रूपाने.

ही कल्पना आजची नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०८ साली एका छोट्या निबंधात टापटीप, काटकसर आणि हट्ट हे तीन गुण एकाच माणसात एकत्र आढळतात, असे निरीक्षण मांडले. त्यामागची त्यांची कारणमीमांसा आज फारशी कुणी मानत नाही. निरीक्षण मात्र टिकले. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत आज या विकाराची आठ लक्षणे दिलेली आहेत. तपशील, नियम, याद्या यांत इतके गुंतणे की कामाचा मूळ हेतूच हरवावा; परिपूर्णतेच्या हट्टापायी काम पुरे न होणे; कामापुढे मैत्री व विरंगुळा यांना जागा न उरणे; नीतीच्या बाबतीत अवाजवी ताठरपणा; जुन्यापुराण्या निरुपयोगी वस्तू टाकून न देणे; आपल्याच पद्धतीने होणार नसेल तर काम दुसऱ्यावर न सोपवणे; पैसा खर्च करताना कमालीचा कंजूषपणा; आणि एकूण हेकटपणा. यांतील किमान चार लक्षणे तरुणपणाच्या सुरुवातीपासून अनेक प्रसंगांत सातत्याने दिसली, तरच विकाराचा विचार होतो. त्याच नियमावलीच्या २०१३ च्या आवृत्तीत सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाणाचा अंदाज २.१ ते ७.९ टक्के असा दिलेला होता. म्हणजे व्यक्तिमत्त्वविकारांत हा दुर्मीळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या नव्या वर्गीकरणात तर अशी वेगवेगळी नावेच बहुतांशी काढून टाकली. आता त्रास किती तीव्र आहे ते पाहावयाचे आणि स्वभावाचा कल कोणत्या दिशेचा आहे ते नोंदवावयाचे. अतिकाटेकोरपणा हा त्या कलांपैकी एक. आम्हांला हा बदल शहाणपणाचा वाटतो. माणसाला खोक्यात घालण्यापेक्षा त्याचे ओझे मोजणे केव्हाही बरे.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला 'विकार' असे म्हणण्याचा अधिकार शिक्षकाला नाही, पालकाला नाही, आणि मोबाईलवर आलेल्या दहा प्रश्नांच्या चाचणीला तर नाहीच. तज्ज्ञसुद्धा अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत हे निदान करताना लक्षणे किमान एक वर्षभर सतत दिसली पाहिजेत, असा दंडक पाळतात आणि बहुधा ते नाव घेणे टाळतात. कारण उघड आहे. या वयात व्यक्तिमत्त्व घडत असते. बालपणी व्यवस्थित असलेले मूल कुमारवयात विस्कळीत होते, आणि पुढे विशीत पुन्हा जबाबदारीने वागू लागते, असा सर्वसाधारण क्रम अभ्यासकांना आढळला आहे. कुमारवयातील टोकाचे गुण अनेकदा वयाबरोबर मवाळ होतात.

साताऱ्याच्या इतिहासाकडे पाहिले तर याचे उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी यांचे नाव साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, दाखल झाले. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आपण भाषणांत त्या मुलाचे जे चित्र उभे करतो ते जन्मापासून पुस्तकात बुडालेल्या आदर्श विद्यार्थ्याचे असते. धनंजय कीर यांच्या चरित्रात येणारा सातारचा भिवा मात्र निराळा आहे. अभ्यास सोडून बागकामात रमणारा, मग गुरे राखण्याच्या नादी लागणारा, वडिलांवर रुसणारा आणि कमालीचा हट्टी. मुसळधार पावसात मुद्दाम भिजत शाळेत येणारा; मग पेंडसे नावाच्या शिक्षकांनी आपल्या मुलाबरोबर घरी पाठवून त्याला गरम पाण्याने आंघोळ घालवली आणि नेसायला लंगोटी दिली. मुंबईच्या गिरणीत काम मिळते असे ऐकून पळून जाण्यासाठी आत्या मीराबाईंच्या कमरेचा बटवा लांबविण्याचा त्याने सलग काही रात्री प्रयत्न केला. बटवा हाती आला तेव्हा त्यात निघाला अवघा अर्धा आणा! त्या फजितीनंतर त्याने मन लावून शिकण्याचे ठरविले. आजचा एखादा उत्साही समुपदेशक त्या वर्षी साताऱ्यात असता, तर त्याने या मुलाच्या कपाळी काय काय चिकटवले असते कोण जाणे.

सुभेदार रामजी कडक होते, हे सर्वज्ञात आहे. सैन्यातील शाळेत त्यांनी मुख्याध्यापकी केली होती आणि शिस्त त्यांच्या हाडात होती. परळच्या एका खोलीत स्वतः रात्री दोनपर्यंत जागून ते भीमरावांना अभ्यासाला उठवीत. पण हेच रामजी मुलाने पुस्तक मागितले की विवाहित लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकीत आणि पुस्तक आणीत. ही दुसरी गोष्ट आपण पहिलीइतकी सांगत नाही. शिस्तीच्या कथेतून माया वगळली की उरते ती नुसती घंटा.

आता जो मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येऊ. मानसशास्त्रज्ञ पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ साली परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार सांगितले : स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि समाज आपल्याकडून परिपूर्णता मागतो आहे ही भावना. तिसरा प्रकार सर्वांत घातक. आपण बिनचूक असलो तरच आपल्याला जागा मिळेल, असे त्या मुलाला वाटत असते. अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातील पाहण्या थॉमस करन व अँड्र्यू हिल यांनी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले आढळले आणि तिसरा सर्वाधिक. त्यांनी त्याचा संबंध स्पर्धेशी आणि पालकांच्या वाढत्या अपेक्षांशी जोडला.

आपल्या मुलांच्या बाबतीत त्या यादीत आणखी एक गोष्ट भरावी लागेल. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसवलेला, शिपाई नसेल तर तहानलेला राहणारा तो विद्यार्थी आपल्या सामुदायिक स्मृतीत आजही बसलेला आहे. त्या स्मृतीतून आपल्या घराघरांत एक वाक्य आले : "कुणाला बोट ठेवायला जागा देऊ नकोस." कपडे इस्त्रीचे हवेत, कारण ते आपल्याला अस्वच्छ म्हणतात. उच्चार शुद्ध हवेत, कारण ते हसतात. गुण नव्वदच्या वर हवेत, कारण ते राखीव जागेचा टोमणा मारतात. यातील एकही भीती खोटी नाही. आम्ही ती नाकारीत नाही. नोकरीच्या निमित्ताने शिक्षक-खोल्यांत बसून ते टोमणे आम्हीही ऐकलेले आहेत. पण जे ओझे तीस वर्षांच्या कर्त्या माणसाने डोळसपणे उचलावयाचे, ते आपण बारा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर देतो, तेव्हा ते मूल स्वतःचाच पहारेकरी होते. दुसऱ्याने बोट ठेवण्याआधी ते स्वतःच ठेवते. खाडाखोड झालेले पान त्याला नुसते पान वाटत नाही. त्याला वाटते, आता सगळ्या समाजाची मान खाली गेली.

मुलींच्या बाबतीत हे आणखी झाकले जाते. नीटनेटकी, कामसू, मोजकेच बोलणारी मुलगी म्हणजे गुणी मुलगी, हे समीकरण आपल्या वस्तीतही तितकेच पक्के आहे. ती रात्री अकरापर्यंत वहीला कव्हर घालत बसली तर कौतुक होते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण परदेशी यादी जशीच्या तशी आपल्या मुलांना लावणे हा दुसरा अन्याय होईल. जुन्या वस्तू टाकून न देणे आणि पैसा जपून वापरणे ही त्या आठांतील दोन लक्षणे. जत-आटपाडीच्या कोरड्या भागातून किंवा माण-खटावमधून आलेला मुलगा पेन्सिलीचा बोटभर तुकडा, साबणाची चकती आणि जुन्या वह्यांची कोरी पाने पेटीत साठवीत असेल, तर तो विकार नव्हे. त्याने घरी टंचाई पाहिली आहे. टंचाईतून आलेले शहाणपण कोणते आणि भयातून आलेला हट्ट कोणता, हे ओळखण्यासाठी त्या मुलाचे घर ठाऊक असावे लागते. शहरातील दवाखान्यात पंधरा मिनिटांत ते कळेलच असे नाही. वसतिगृहाच्या गृहपालाला मात्र ते कळू शकते. त्याचप्रमाणे आम्हांला असेही वाटते की, सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांनी हजारो वर्षे एका देशाला जखडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला मानसिक रोग म्हणण्याचा मोह टाळावा. ती अन्यायाची व्यवस्था होती. तिला रोग म्हटले की तिचे लाभार्थी सुटतात.

आमच्या या म्हणण्यावर आक्षेप येईल आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. शिस्त सैल करा, मुलांना मोकळे सोडा, हे ज्यांच्या घरी तीन पिढ्यांचे ग्रंथ आहेत त्यांना परवडते. आपल्या मुलाला दुसरी संधी कोण देणार? प्रश्न रास्त आहे. पण आम्ही शिस्त सैल करा असे म्हणतच नाही. शिस्तीने काम पुरे होते, आणि ज्या हट्टाविषयी आम्ही लिहितो आहोत त्याने काम अपुरे राहते. त्या मुलीची कोरी पाने हा त्याचा पुरावा. तिने थोडे वाकडेतिकडे लिहिले असते तर तिला अधिक गुण मिळाले असते. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत मूलभूत भेद केला आहे. नियम माणसाला काय करावयाचे ते ठरवून देतो. तत्त्व त्याला विचार करण्याची कसोटी देते आणि म्हणून कृतीची जबाबदारीही देते. तो भेद त्यांनी धर्माच्या संदर्भात केला, पण वसतिगृहाच्या भिंतीवरील यादीलाही तो लावून पाहावा. 'खोली स्वच्छ असावी, म्हणजे आजार होणार नाहीत' हे तत्त्व. 'केरसुणी उजव्या कोपऱ्यातच, दांडा वर करून ठेवावी' हा नियम. तत्त्व विसरून नियमासाठी जेव्हा मुले एकमेकांशी बोलणे टाकतात, तेव्हा काहीतरी बिनसलेले असते.

तथागतांनी याच गोष्टीला एक नाव देऊन ठेवले आहे. दहा संयोजनांत तिसरे 'सीलब्बतपरामास', म्हणजे शील-व्रतांना, विधिनियमांना चिकटून बसणे. शील हा धम्माचा पाया मानणाऱ्या बुद्धांनीच शीलाला चिकटण्याला बंधन म्हटले, याचा आपण पुरेसा विचार केलेला नाही. आणि सोण कोळिविसाची कथा तर प्रत्येक निवासी शाळेच्या शिक्षकांनी वाचावी अशी आहे. अंगुत्तर निकायात ती आहे. चंपेच्या धनाढ्य घरातला हा मुलगा प्रव्रजित झाला आणि चंक्रमण करताना इतका अट्टहास केला की त्याचे पाय फुटून रक्ताळले. तरीही मन शांत होईना, तेव्हा त्याने घरी परतण्याचा विचार केला. बुद्ध त्याच्याकडे गेले आणि त्यांनी त्याला तो पूर्वी वाजवीत असलेल्या वीणेविषयी विचारले. तारा अति ताणल्या तर वीणा वाजते काय? अगदी सैल सोडल्या तर? अति वीर्याने मन उद्धट व अस्थिर होते आणि अति शिथिलतेने आळशी, हे त्यांनी त्याला त्याच्याच वाद्यातून समजावले. विनयात याचा पुढचा भाग येतो, तो सहसा सांगितला जात नाही. बुद्धांनी सोणाला पायांत वहाणा घालण्याची मुभा दिली. सोण म्हणाला, एकट्यासाठी नको. तेव्हा बुद्धांनी ती साऱ्या संघासाठी दिली. शिष्याचे पाय फुटलेले पाहून गुरूने नियम बदलला, हे आम्हांला त्या कथेतील वीणेइतकेच मोलाचे वाटते.

यावरून आपल्या समाजातील एका आवडत्या प्रथेविषयी बोलण्याचे धाडस करतो. एप्रिल महिन्यात ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. जयंतीला डीजेपेक्षा ग्रंथ, हा त्यामागचा विचार आम्हांला मनापासून मान्य आहे, आणि महाविद्यालयीन तरुणांनी वर्षातून एक दिवस असे बसणे ही सुंदर मानवंदना आहे. पण अलीकडे आठवी-नववीच्या मुलांनाही त्यात बसवितात, आणि मग एरवीही 'बाबासाहेब अठरा तास वाचायचे, तू दहा तासांत कंटाळतोस?' हे वाक्य वर्षभर पुरते. सांगणाऱ्याला विसर पडतो की त्याच बाबासाहेबांना बागेची हौस होती, कुत्री आवडत, आणि उतारवयात ते हौसेने व्हायोलिन शिकले. कामाशिवाय काहीच न उरलेल्या माणसाचे ते चरित्र नाही. मानवंदनेचा दिवस आणि मुलाची रोजची मोजपट्टी यांत अंतर राखलेच पाहिजे.

साताऱ्याच्याच भूमीवर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली जे वसतिगृह आणले आणि वाढविले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राबत आणि एकत्र जेवत. तेथील श्रम सामुदायिक होते. चार जणांनी मिळून केलेली भाकरी एकाच्या मनासारखी गोल होत नाही, आणि ती तशीच खावी लागते. अतिकाटेकोर मुलासाठी याहून चांगला धडा आम्हांला माहीत नाही. म्हणून खोलीप्रमुख वर्षभर एकच ठेवू नये, पंधरवड्याने बदलावा. त्याचे काम दुसरा वाईट रीतीने करताना पाहणे, आणि तरीही आभाळ कोसळत नाही हे अनुभवणे, त्याला शिकू द्यावे. निबंधाचा पहिला खर्डा खाडाखोडीसहित तपासावा आणि खाडाखोड ही विचाराची खूण म्हणून वर्गात दाखवावी. सराव परीक्षेत 'सर्व प्रश्नांना हात घातला का' यावर बोलावे. खेळाच्या तासाला ज्या खेळात जिंकणे-हरणे नाही असाही एखादा खेळ असावा. राज्यातील शाळांत 'मित्र' उपक्रमाखाली आनापान शिकविले जाते, ते चांगलेच आहे. पण अशी मुले आनापानातही स्वतःला गुण देत बसतात, याची शिक्षकाला जाणीव हवी. आनापान हा उपचाराचा पर्यायही नव्हे.

मदत केव्हा घ्यावी? आम्ही तीन गोष्टी पाहतो. काम पुरे होत नाही काय, सोबती तुटले आहेत काय, झोप-भूक बिघडली आहे काय. यांतील दोन गोष्टी काही महिने टिकल्या तर तज्ज्ञाकडे जावे. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर महिने काय, एक दिवसही थांबू नये. निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते सतरा वयोगटात मानसिक आजारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. चाळीसच्या वर्गात तिघे असा त्याचा अर्थ. तेव्हा लाजण्यासारखे काही नाही. सातारा येथे जिल्हा रुग्णालय आहे, सांगली-मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत, तेथे मानसोपचाराची सोय आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत किशोरांसाठी क्लिनिक असतात. आपल्या राज्यात त्यांना 'मैत्री' हे नाव दिलेले आहे, आणि ते नाव आपल्याला परके नाही. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र विनामूल्य चालते. अशा स्वभावावर मुख्य उपाय म्हणजे बोलून केलेले उपचार. त्यांना वेळ लागतो, आणि घरच्यांचे वागणे बदलल्याशिवाय त्यांचा पुरता उपयोग होत नाही. पालक येऊन 'डॉक्टर, याला फक्त थोडं सैल करा, पण टक्के कमी होऊ देऊ नका' असे म्हणू लागले, तर कोणता डॉक्टर काय करणार?

माजी विद्यार्थ्यांपुढे एक ठोस प्रस्ताव ठेवतो. वार्षिक संमेलनात सर्वांत सुंदर वहीसाठी जे बक्षीस दिले जाते ते यंदापासून थांबवावे. त्याचा निधी, आणि माजी विद्यार्थी संघाने त्यात घातलेली भर, यांतून महिन्यातून दोन शनिवारी सांगली किंवा साताऱ्याहून प्रशिक्षित समुपदेशक शाळेत यावेत. वाचनालयाशेजारची लहान खोली दुपारी रिकामी असते. तिला दोन दारे आहेत, त्यामुळे आत कोण गेले हे पटांगणातून दिसत नाही. येण्या-जाण्याचा खर्च आणि मानधन धरून वर्षाचा अंदाज काढून कार्यकारिणीकडे दिलेला आहे. संमेलनाच्या दुपारच्या बैठकीत तो विषय चौथ्या क्रमांकावर आहे. उपस्थित राहावे.